मनमाडचा धक्का आणि वाघिणींचा डाव

आगगाडीची प्रतिकृती म्हटली की वर्तुळात फिरणारी गाडी डोळ्यांपुढे येते. पुण्यात भाऊ जोशी यांनी उभारलेले छोट्या रेल्वेचे संग्रहालय १९९८ साली खुले झाले. तेथे मुलांपेक्षा त्यांचे वडीलच अधिक रंगतात, असा माझा समज आहे. परंतु या छंदाची दुसरी एक शाखा आहे, आणि इतिहासाच्या अभ्यासकाला तीच जवळची वाटावी. तीत गाडी कोठेच जात नाही. मालाच्या वाघिणी मागेपुढे करून त्यांचा क्रम लावावयाचा, एवढाच खेळ; रेल्वेवाले ज्याला शंटिंग म्हणतात तो.

ॲलन राइट या इंग्रज छांदिष्टाच्या कोड्यात तीनच फाटे आहेत. एकावर पाच वाघिणी मावतात, उरलेल्या दोहोंवर तीन-तीन. इंजिनाला एका वेळी तीनच घेऊन बाहेर येता येते. आठांपैकी पाच वाघिणी चिठ्ठ्या टाकून ठरलेल्या क्रमाने लावावयाच्या. असे क्रम ६,७२० होतात! हवी ती वाघीण नेमकी मागे अडकलेली असते, आणि पुढच्या सारावयाला जागा नसते.

आपल्या प्रांतात हाच डाव नऊ दशके खराखुरा चालला. निजामाच्या राज्यातील हैदराबाद-गोदावरी खोरे रेल्वे १९०० च्या सुमारास औरंगाबादवरून (आजच्या छत्रपती संभाजीनगरवरून) मनमाडला भिडली. ती मीटरगेज होती. मनमाडहून मुंबईला जाणारा जी. आय. पी. रेल्वेचा मार्ग मात्र ५ फूट ६ इंच रुंदीचा. मीटरगेज बांधावयास स्वस्त. पण तेव्हा वाचलेला पैसा पुढे हमालांच्या पाठीवरून वसूल झाला, असे मी म्हणेन.

रेल्वे येताच कापसाचा व्यापार वाढला. विसाव्या शतकाच्या आरंभी एकट्या जालन्यात सरकी काढण्याचे ९ कारखाने आणि गाठी दाबण्याचे ५ प्रेस होते. औरंगाबाद जिल्ह्यातील अशा कारखान्यांत १९०१ साली १,०१६ माणसे कामाला होती. त्यांनी बांधलेली गाठ या मार्गाने मुंबईस निघाली की मनमाडच्या धक्क्यावर उतरे आणि दुसऱ्या वाघिणीत चढे. मोठ्या वाघिणीत माल अधिक मावे, त्यामुळे एकास एक हिशेब जुळत नसे. रिकामी ओढावी, भरलेली लावावी, पुन्हा सांधा फिरवावा. उद्घाटनाचे वर्ष आणि मैलांचा आकडा ग्रंथांत सापडतो; सांधेवाल्याचे नाव सापडत नाही.

१९९० नंतरच्या दशकात हा मार्ग ब्रॉडगेज झाला आणि गाठींचा तो चढउतार संपला.

या शहरातील कोणी हौशी माणसाने मनमाडचा पट मांडावा. १:८७ प्रमाणात मोठे रूळ सव्वाएकोणीस मिलिमीटरांचे येतील, लहान साडेअकरांचे. दोहोंमध्ये धक्का हवा. आणि नियम असा की, इवल्या गाठी एकेक करून हाताने पलीकडे ठेवल्याखेरीज मुंबईच्या इंजिनाने हलावयाचे नाही.