साडेसहा गुंठ्यांचा खेळ

 

आज टेनिसच्या इतिहासावर बोलायचं आहे, पण सुरुवात जमिनीच्या मोजमापाने करतो. फौजेत एक सवय लागते, कुठलीही योजना आखायची तर आधी जमीन बघायची. खेळाच्या इतिहासालाही ही सवय लावून बघावी असं मला फार दिवस वाटत होतं.

टेनिसचं कोर्ट 78 फूट लांब आणि दुहेरीसाठी 36 फूट रुंद असतं. पण एवढ्यात भागत नाही. चेंडू परतवायला मागे-बाजूला धावावं लागतं, त्यामुळे सगळं मिळून साधारण 120 फूट बाय 60 फूट जागा धरतात. म्हणजे 7200 चौरस फूट, आपल्या हिशेबाने साडेसहा गुंठ्यांहून थोडी जास्त. आमच्या छत्तीसगडात डिसमिलची भाषा चालते, तर साडेसोळा डिसमिल. आणि एवढ्या जागेत एका वेळी खेळणार जास्तीत जास्त चौघं! कबड्डीचं 13 बाय 10 मीटरचं मैदान सव्वा गुंठ्यात बसतं आणि त्यावर चौदा जण खेळतात. म्हणूनच कबड्डी गल्लीत वाढली आणि टेनिस वाढलं ते जमीनवाल्यांकडे. माझं आजचं म्हणणं एवढंच आहे, की टेनिस कुठे वाढलं हे शोधायचं असेल तर ती साडेसहा गुंठे जमीन कुणाच्या हातात होती ते बघा.

या खेळाच्या जन्मातच ही गोष्ट आहे. मेजर वॉल्टर विंगफिल्ड या इंग्रज फौजी अधिकाऱ्याने 1874 मध्ये त्याचं पेटंट घेतलं. जाळी, खांब, रॅकेट आणि चेंडू असं सगळं सामान तो एका पेटीत घालून विकत असे. पेटी कुणीही घेईल, हिरवळ कुठून आणणार? ती होती क्रोके खेळणाऱ्या श्रीमंतांकडे. विम्बल्डनच्या ज्या क्लबाने 1877 मध्ये पहिली स्पर्धा भरवली, तो मुळात क्रोकेचाच क्लब होता.

हिंदुस्थानात हा खेळ साहेबाबरोबर आला आणि साहेबाच्याच जमिनीवर उतरला, म्हणजे छावणी, सिव्हिल लाइन्स आणि जिमखाना. लाहोरला 1885 मध्ये पंजाबची स्पर्धा सुरू झाली, कलकत्त्याला 1887 मध्ये बंगालची. आमचं रायपूरही त्याच नकाशात बसतं. भोसल्यांच्या काळात छत्तीसगडचा कारभार रतनपूरहून चाले. 1818 नंतर कर्नल ॲग्न्यूने मुख्य ठाणं रायपूरला आणलं, 1854 मध्ये नागपूरचं राज्य खालसा झालं आणि रायपूर पुरतं इंग्रजी अंमलाखाली आलं. राजपुत्रांसाठीचं राजकुमार कॉलेज 1894 मध्ये जबलपूरहून इथे हललं. अशा गावात मोकळी, राखलेली हिरवळ एक तर साहेबाच्या बंगल्यापुढे असायची किंवा राजेरजवाड्यांच्या आवारात. बाकी गावाच्या वाट्याला चेंडू आणून देण्याचं काम.

आता पुण्याकडे वळू. मराठी माणसाने या जमिनीच्या कोड्यातून वाट कशी काढली, ते तिथे दिसतं. पुण्याच्या कॅम्पात गोऱ्यांचा क्लब होता. पळवणकर बाळू हा पुढे नामवंत झालेला गोलंदाज तिथे साहेबांना सरावासाठी गोलंदाजी टाकत असे, पण त्याला कधी फलंदाजी दिली गेली नाही, हे आपण जाणतोच. जमीन दुसऱ्याची असली की आपल्या वाट्याला काय येतं, याचा हा नमुना.

याला पुणेकरांनी दिलेलं उत्तर म्हणजे 1906 साली स्थापन झालेला डेक्कन जिमखाना. बाळकृष्ण नारायण भाजेकर यांनी त्यात पुढाकार घेतला. नदीपलीकडे मोकळ्या जागेत या मंडळींनी स्वतःची संस्था उभी केली आणि ती इतकी रुजली, की तो अख्खा भाग आज 'डेक्कन' याच नावाने ओळखला जातो. 1919 मध्ये इथल्या क्रीडा स्पर्धांना दोराबजी टाटा अध्यक्ष होते. तिथे अनवाणी धावणारी मुलं पाहूनच हिंदुस्थानचा चमू ऑलिंपिकला पाठवायची कल्पना पुढे सरकली आणि 1920 मध्ये आपले खेळाडू अँटवर्पला गेले. स्वतःचं मैदान असलं की काय घडू शकतं, बघा!

एक गोष्ट मात्र स्पष्ट सांगायला हवी. जिमखानाही सर्वांसाठी उघडा नव्हता. सभासदत्व, वर्गणी, रॅकेट, पांढरे कपडे हे सगळं मध्यमवर्गाला आणि वरच्यांनाच झेपणारं होतं. मुंबईतही तेच. लीला राव 1934 मध्ये विम्बल्डनला सामना जिंकणारी पहिली भारतीय स्त्री ठरली. तिची आई म्हणजे संस्कृत कवयित्री क्षमाबाई राव, त्या स्वतःही उत्तम टेनिस खेळत. घरातच खेळ होता, म्हणून मुलगी पुढे गेली. पण अशी घरं किती?

नंदू नाटेकरांचं उदाहरण घ्या. सांगलीचा हा मुलगा आधी टेनिस खेळायचा. राष्ट्रीय ज्युनियर स्पर्धेच्या अंतिम सामन्यात रामनाथन कृष्णनकडून हरला आणि बॅडमिंटनकडे वळला. 1956 मध्ये परदेशात बॅडमिंटनची स्पर्धा जिंकणारा तो पहिला भारतीय झाला. बॅडमिंटनचं कोर्ट 44 बाय 20 फूट, गुंठाभरही नाही! त्यांचा मुलगा गौरव मात्र टेनिसमध्येच राहिला आणि 1994 च्या हिरोशिमा एशियाडमध्ये लिअँडर पेसबरोबर दुहेरीचं सुवर्ण जिंकला.

स्वातंत्र्यानंतर जमीन द्यायला सरकार पुढे आलं. 1994 च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांसाठी पुण्याजवळ बालेवाडीचं संकुल उभं राहिलं. 2018 मध्ये चेन्नईची एटीपी स्पर्धा तिथे आली. पहिल्या वर्षी जील सिमोन जिंकला, दुसऱ्या वर्षी केव्हिन अँडरसन. महामारीमुळे 2021 ची स्पर्धा झाली नाही. 2023 मध्ये पाचवी स्पर्धा झाली आणि ती शेवटची ठरली.

याउलट, डेक्कन जिमखान्याच्या कोर्टवर महिलांची एक छोटी आंतरराष्ट्रीय स्पर्धा वीस वर्षांहून जास्त काळ चालत आली आहे. तिला पैसा देते कोण, तर अंडी उत्पादकांची संस्था, एन.ई.सी.सी.! इथे झगमगाट कमी, पण गावातल्या मुलींना घरच्या अंगणात परदेशी खेळाडूंशी दोन हात करायला मिळतात. अंकिता रैना अहमदाबादहून पुण्यात येऊन घडली. पुण्याच्या ऋतुजा भोसलेने रोहन बोपण्णासह हांगझोऊ एशियाडमध्ये मिश्र दुहेरीचं सुवर्ण आणलं. मोठी स्पर्धा पाहुण्यासारखी येते आणि जाते. कोर्ट, प्रशिक्षक आणि छोट्या स्पर्धा घरच्या माणसांसारख्या असतात, त्या टिकल्या तर खेळ टिकतो.

आता पुन्हा रायपूर. 1 नोव्हेंबर 2000 ला छत्तीसगड झालं. नव्या राज्याबरोबर स्वतःची टेनिस संघटना, स्वतःचा संघ हे ओघाने आलं. नवा रायपूरला शहीद वीर नारायण सिंह यांच्या नावाचं भव्य क्रिकेट स्टेडियम आहे. हॉकीच्या मैदानावर 2015 मध्ये जगातले मोठे संघ खेळून गेले. पण भव्य स्टेडियमला कुलूप असतं, आणि दहा वर्षांच्या मुलाला त्याच्या वस्तीत सायकलवर जाता येईल असं कोर्ट हवं असतं. त्याला प्रेक्षागृह लागत नाही. साडेसोळा डिसमिल जमीन, कुंपण, जाळी आणि संध्याकाळी येणारा एक प्रशिक्षक पुरतो.

नवा रायपूर अजून वसतं आहे, तिथे जमीन अजून मोकळी आहे. आणखी वीस वर्षांनी ती नसेल. आराखड्यात दर सेक्टरमागे दोन कोर्टं आजच आखून ठेवली आणि त्यांची चावी क्लबाऐवजी शाळेकडे दिली, तर साहेबाच्या हिरवळीपासून सुरू झालेली ही गोष्ट खऱ्या अर्थाने आपली होईल. तुमच्या गावात, मग ते बेळगाव असो, इंदूर असो की बडोदा, अशी जमीन कुठे आहे आणि तिची चावी कुणाकडे आहे, हे एकदा जाऊन बघा.

पुढच्या भागात भेटू. जय हिंद.