नरहरी सोनारांचे माप

संत नरहरी सोनार हे नामदेवरायांच्या काळातले पंढरपूरचे सोनार, कट्टर शिवभक्त. महिपतींच्या ‘भक्तविजय’ (१७६२) ग्रंथात त्यांची कथा आहे. सावकाराने विठ्ठलासाठी सोन्याचा करदोटा सांगितला. विठ्ठलाचे मुख पाहायचे नाही, म्हणून नरहरींनी दुसऱ्याने आणलेल्या मापावर तो घडवला. कधी आखूड झाला, कधी सैल. अखेर डोळ्यांना पट्टी बांधून ते राउळात गेले. हाताला पाच मुखे, सर्प, व्याघ्रांबर लागले. पट्टी सोडली, तर समोर विठोबा! सोने चोख, हात कसबी. भेद होता तो मनात. तो गेला आणि करदोटा बसला.

माउलींनो, पुढे त्यांनी धंदा टाकला नाही. बागेसरी, मूस, हातोडा यांनाच त्यांनी अभंगात भजनाची साधने केले. माघ वद्य तृतीयेला त्यांची पुण्यतिथी. त्या दिवशी आपल्याही हातातल्या कामाकडे तसे पाहावे.