कोबी आंबवताना मीठ किती? किलोला २० ते २५ ग्रॅम

हिवाळ्यात बेळगावच्या बाजारात कोबी स्वस्त होतो आणि इथूनच गोव्यालाही जातो. घरी आणलेला मोठा गड्डा संपता संपत नाही, तेव्हा तो मिठात आंबवून ठेवता येतो. जर्मनीत या प्रकाराला सावरक्राउट म्हणतात. त्यात तेल, व्हिनेगर, मसाला काहीच लागत नाही. लागतं फक्त कोबी आणि मीठ, म्हणूनच मिठाचं माप चुकलं की सगळं बिघडतं.

मीठ नेमकं काय करतं?

कोबीत ९० टक्क्यांहून जास्त पाणी असतं. मीठ चोळलं की ते पाणी बाहेर येतं आणि कोबी स्वतःच्याच खारात बुडतो. या खारात कुजवणारे जंतू मागे पडतात, तर आंबट करणारे लॅक्टिक आम्ल जिवाणू तग धरतात. हे जिवाणू कोबीतल्या साखरेचं आम्ल करतात आणि पुढे ते आम्लच कोबी टिकवतं. शिवाय मिठामुळे कोबी कुरकुरीत राहतो.

माप कसं घ्यायचं?

वरची पानं आणि मधला दांडा काढून, चिरलेला कोबी वजन करावा. त्याच्या २ ते २.५ टक्के मीठ घ्यावं. म्हणजे १ किलोला २० ते २५ ग्रॅम, १२०० ग्रॅमला २४ ते ३० ग्रॅम. गाजर किंवा बीट घातलं तर त्याचंही वजन धरावं. उन्हाळ्यात, विशेषतः किनारपट्टीच्या उकाड्यात, २.५ टक्क्यांच्या जवळ राहिलेलं बरं.

चमच्याचा हिशेब इथे फसवा ठरतो. चहाच्या सपाट चमच्यात बारीक मीठ साधारण ६ ग्रॅम बसतं, पण खडे मीठ कमी बसतं. म्हणून छोट्या वजनकाट्यावरच मोजावं. आयोडीनयुक्त मीठही चालतं, फार तर खार जरा गढूळ दिसतो.

मीठ चोळून अर्धा तास ठेवावं, मग काचेच्या किंवा चिनी मातीच्या बरणीत दाबून भरावं आणि वर वजन ठेवावं. कोबी खाराखाली बुडालेला हवाच. खार कमी पडला तर नुसतं पाणी ओतू नये. १ लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात २५ ग्रॅम मीठ विरघळवून ते घालावं. झाकण घट्ट लावलं असेल तर रोज थोडं सैल करून वायू सोडावा.

माप चुकलं तर?

मीठ कमी पडलं तर कोबी मऊ, गिळगिळीत होतो आणि वास मारतो. फार झालं तर आंबण्याचं काम रखडतं, यीस्ट वाढून कोबी गुलाबी पडू शकतो. नीट न कालवलेल्या मिठानेही असंच होतं. वर पातळ पांढरा थर आला तर तो बहुतेक वेळा यीस्टचा असतो, तो काढून टाकता येतो. पण काळी, हिरवी किंवा केसाळ बुरशी, गुलाबी रंग किंवा कुजका वास असेल तर बरणीतलं सगळं फेकावं. 'वरचं काढून खालचं खाऊ' हा हिशेब इथे नको.

किती दिवस?

२० अंशांच्या आसपास ३ ते ४ आठवडे लागतात. उकाड्यात काम लवकर होतं, पण कोबी मऊही लवकर पडतो. हवा तसा आंबट झाला की फ्रिजमध्ये ठेवावा.

रक्तदाबवाल्यांसाठी

१०० ग्रॅम कोबीत २ ते २.५ ग्रॅम मीठ जातं. जागतिक आरोग्य संघटनेच्या सल्ल्यानुसार मोठ्या माणसाने दिवसभरात ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ खावं. पथ्य आहे म्हणून बरणीतलं मीठ कमी करू नये, कारण कोबी सुरक्षित राहतो तो त्या मिठामुळेच. त्यापेक्षा पानात कमी वाढून घ्यावं, खायच्या आधी पाण्यातून काढावं आणि मीठ पूर्ण बंद असेल तर डॉक्टरांना विचारूनच खावं.