दोन रुपयांचे वेतन आणि सभागृहाचा इतिहासकार

१९२४ साली नागपुरात भरलेल्या मध्यप्रांत कायदे कौन्सिलाने मंत्र्यांचे वार्षिक वेतन दोन रुपये ठरविले. १९२३ च्या निवडणुकीत डॉ. बा. शि. मुंजे यांच्या नेतृत्वाखाली स्वराज्य पक्षाला येथे बहुमत मिळाले होते. १९१९ च्या कायद्याने आणलेली द्विदल राज्यपद्धती आतून निकामी करावयाची, हा त्या पक्षाचा जाहीर हेतू होता. मंत्र्यांचे वेतन कौन्सिलाच्या मतावर अवलंबून होते, एवढा एकच दोरा हाती होता आणि तो त्यांनी ओढला. मंत्री राहिले नाहीत. गव्हर्नर सर फ्रँक स्लाय यांनी सोपीव खाती स्वतःकडे घेतली.

कामकाजाच्या वृत्तांतात असा ठराव म्हणजे अर्थसंकल्पी मागणीला सुचविलेली आणि मताधिक्याने संमत झालेली एक कपात. साहित्याच्या वाचकाला मात्र त्यात विडंबन दिसल्याशिवाय राहणार नाही. शून्य रुपये म्हटले असते तर तो नकार झाला असता. दोन रुपये म्हणण्यात वेतनाचा आकृतिबंध शाबूत ठेवून त्यातील अर्थ काढून घेतलेला आहे. कार्यपद्धतीच्या भाषेतच कार्यपद्धतीची थट्टा करणारी ही संहिता आहे. सभागृहाचा अधिकृत इतिहासकार, म्हणजे ज्याचे वेतन त्याच सभागृहाच्या मंजुरीतून येते असा लेखक, हा उपरोध वाचू शकेल काय?

असे पद ही केवळ कल्पना नाही. अमेरिकेच्या सिनेटने १९७५ साली आपले इतिहास कार्यालय स्थापन केले आणि रिचर्ड बेकर यांना इतिहासकार नेमले. ते २००९ पर्यंत त्या जागी राहिले. चौतीस वर्षांत बहुमत कितीदा तरी फिरले, इतिहासकार फिरला नाही. याचे कारण बेकर यांच्या निःपक्षपातीपणाइतकेच रचनेतही आहे. ते कार्यालय सिनेटच्या सचिवाच्या छायेखाली असते, बहुमताच्या नेत्याच्या हाताखाली नव्हे. प्रतिनिधिगृहाची गोष्ट वेगळी. तेथे १९८३ पासून रेमंड स्मॉक काम पाहत होते. १९९५ च्या आरंभी रिपब्लिकन पक्ष बहुमतात आला, स्मॉक गेले आणि सभापती न्यूट गिंग्रिच यांनी क्रिस्टिना जेफ्री यांना आणले. नाझींनी केलेल्या ज्यूंच्या संहाराविषयीच्या एका अभ्यासक्रमाचे परीक्षण करताना, त्यात नाझींची बाजू मांडलेली नाही, असा शेरा त्यांनी १९८६ साली मारला होता. तो उजेडात येताच काही दिवसांत त्यांना काढण्यात आले. आपल्या म्हणण्याचा विपर्यास झाला, असे जेफ्री यांचे म्हणणे होते. शेऱ्याची तरफदारी करण्याचे येथे कारण नाही. लक्षात घ्यावयाचे ते इतकेच की, एका इतिहासकाराची नेमणूक आणि बडतर्फी या दोन्ही गोष्टी एकाच सभापतीच्या शब्दावर झाल्या, आणि त्यानंतर ती खुर्ची २००५ साली रॉबर्ट रेमिनी येईपर्यंत रिकामी राहिली.

भारतात या भूमिकेच्या सर्वांत जवळ जाणारी कारकीर्द सुभाष काश्यप यांची. १९५३ साली ते लोकसभा सचिवालयात आले, १९८३ च्या अखेरीपासून १९९० पर्यंत महासचिव होते आणि निवृत्तीनंतर त्यांनी भारतीय संसदेचा इतिहास सहा खंडांत लिहिला. पद इतिहासकाराचे नव्हते, पण दृष्टी आतल्या माणसाची होती. पक्षांतराच्या राजकारणावर त्यांनी १९६९ साली ग्रंथ लिहिला होता. १९८५ मध्ये पक्षांतरबंदीची बावन्नावी घटनादुरुस्ती झाली तेव्हा ते महासचिवाच्या जागी होते. आधी भाष्यकार, मग घटनेच्या वेळी सभागृहाचा सेवक, आणि शेवटी निवेदक! आपल्या बखरकारांनाही हा क्रम सहज समजला असता. चिटणिसाने बखर लिहावी, हे आपल्याकडे नवे नाही. चिटणिसाला कागद कोठे आहे हे ठाऊक असते, आणि कोणता कागद बाहेर काढावयाचा नाही हेही.

संसदेच्या बाबतीत ‘बाहेर न काढण्या’चा नियमच आहे. लोकसभेच्या नियम ३८० अन्वये अध्यक्ष असभ्य, बदनामीकारक वा असंसदीय शब्द कामकाजातून वगळू शकतात. नियम ३८१ प्रमाणे छापील वृत्तांतात त्या जागी तारका येतात आणि खाली टीप येते. संहितेतील खोडलेला शब्द खोडलेपणानेच उरतो, हा विचार आपल्या समीक्षेत अलीकडे फ्रेंचांकडून आला. सचिवालय मात्र तो निमूटपणे आचरीत आले आहे. पाटण्याच्या ‘सर्चलाइट’ने बिहार विधानसभेतील एका भाषणाचा वगळलेला भाग १९५७ साली छापला, तेव्हा प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले आणि डिसेंबर १९५८ मध्ये न्यायालयाने विधानसभेचा विशेषाधिकार मान्य केला. वृत्तपत्राने जे छापले म्हणून तो दोषी ठरू शकतो, ते अधिकृत इतिहासकाराने कोणत्या अधिकारात उद्धृत करावे? तो तारका मोजील. वक्ता काय म्हणाला हे त्याला माहीतही असेल. लिहिताना मात्र त्याला सभागृहाने मान्य केलेल्या पाठाजवळच थांबावे लागेल.

नागपूरकडे परत येऊ. १९२५ च्या ऑक्टोबरात याच कौन्सिलाचे अध्यक्ष श्रीपाद बळवंत तांबे यांनी गव्हर्नरच्या कार्यकारी मंडळातील जागा स्वीकारली. तांबे अमरावतीचे, स्वराज्य पक्षाचे. सत्ता नाकारण्यासाठी सभागृहात आलेल्या पक्षाचा माणूस प्रथम अध्यक्षाच्या खुर्चीवर आणि तेथून सरकारात गेला. मोतीलाल नेहरू संतापले. न. चिं. केळकर आणि जयकर यांनी तांब्यांची बाजू घेतली. मुंजे, अणे, केळकर, जयकर या मंडळींचा प्रतियोगी सहकार पक्ष या फुटीतून निघाला. महाराष्ट्राच्या राजकारणाला त्या दशकात मिळालेले हे सर्वांत मोठे वळण असेल, परंतु ते घडले सभागृहाबाहेर, पत्रांत, बैठकींत आणि वृत्तपत्रांच्या रकान्यांत. कौन्सिलाच्या वृत्तांतावर विसंबणाऱ्याला दिसेल ते एवढेच की खुर्चीवरचा माणूस बदलला. दोन रुपयांच्या ठरावात वृत्तांत शब्द देतो आणि स्वर गाळतो. तांबे प्रकरणात तो शब्दही देत नाही.

या कौन्सिलाचा इतिहास कोणी लिहावयाचा, हा प्रश्न वाटतो तितका सोपा नाही. ज्या प्रांतासाठी ते बोलत होते तो प्रांतच १९५६ साली दुभंगला. हिंदी जिल्हे नव्या मध्य प्रदेशात राहिले, विदर्भ द्विभाषिक मुंबई राज्यात आणि १९६० मध्ये महाराष्ट्रात आला. १९५३ च्या नागपूर कराराला अनुसरून हिवाळी अधिवेशनासाठी मुंबईहून येणारे विधिमंडळ आपली वंशावळ मुंबईच्या कौन्सिलापासून मोजते. भोपाळचे विधिमंडळ नागपूरला आपले जुने घर म्हणू शकते, पण तेथे आता त्याचे कोणी राहत नाही. दोन रुपयांचा तो ठराव करणाऱ्या सभागृहाला वारस दोन आहेत, आणि वेतन देऊन इतिहासकार नेमील असा एकही नाही.