भूकंपाची महत्ता आणि तीव्रता



भूकंपाची वार्ता आली की पहिला प्रश्न निघतो तो ‘किती रिश्टरचा?’ हा. मिळालेल्या आकड्यावरून हानीचा अंदाज बांधला जातो आणि तो पुष्कळदा चुकतो. कारण महत्ता व तीव्रता ह्या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत.

त्यांपैकी तीव्रतेची मोजणी जुनी. १८५७ साली नेपल्सच्या राज्यात मोठा भूकंप झाला, तेव्हा रॉबर्ट मॅलेट हे आयरिश अभियंते तेथे गावोगाव हिंडले आणि भिंतींच्या भेगा तपासून कोठे किती धक्का बसला ह्याचा त्यांनी नकाशा केला. पुढे १९०२ साली इटलीतील मर्काली ह्यांनी तीव्रतेच्या पायऱ्या लाविल्या. आज त्या बारा मानतात. भूकंप एकच असला तरी गावागणिक त्याची पायरी निराळी.

महत्तेचे माप १९३५ सालचे. कॅलिफोर्नियात चार्ल्स रिश्टर ह्यांनी भूकंपलेखकाने काढलेल्या रेषेची उंची मोजिली, तीतून अंतराचा परिणाम वगळला आणि भूकंपाचे स्वतःचे मान ठरविले. हा आकडा एकाने वाढला की शक्ती सुमारे बत्तीस पटींनी वाढते. समईची ज्योत एकच असते. परंतु तिचा उजेड जवळच्या पोथीवर निराळा आणि दूरच्या ओसरीवर निराळा. ज्योत ही महत्ता, पडणारा उजेड ही तीव्रता.

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटेचा किल्लारीचा भूकंप ६.२ महत्तेचा होता. २६ जानेवारी २००१ चा कच्छचा ७.७ चा, म्हणजे शक्तीने दीडशे पटींहून अधिक. तरीही किल्लारीच्या परिसरात गावेच्या गावे जमीनदोस्त झाली व हजारो माणसे झोपेतच मृत्युमुखी पडली. भूकंपाचे मूळ अगदी उथळ आणि गावांच्या निकट होते. शिवाय माळवदाच्या घरांच्या, मातीत रचलेल्या जाड दगडी भिंतींस तो धक्का सोसवला नाही. उलट कच्छच्या भूकंपाने दोनशे किलोमीटरांहून दूर असलेल्या अहमदाबादेत बहुमजली इमारती कोसळल्या. अंतराने धक्का ओसरतो खरा. परंतु नदीच्या गाळाची जमीन त्यास पुन्हा बळ देते.

भूकंपाची महत्ता मनुष्याच्या हाती नाही. घर कोठे व कसे बांधावे हे मात्र आहे. म्हणून ‘किती रिश्टरचा?’ ह्या प्रश्नास ‘किती दूर, कोणत्या जमिनीवर आणि कसल्या घरात?’ ही जोड अवश्य द्यावी.