मौनाचा अर्थ : शेल स्क्रिप्ट आणि तिच्यावरचा पहारा

जुन्या वाङ्मयीन नियतकालिकांची सूची करण्याचे काम आम्ही काही मंडळी गेली काही वर्षे करीत आहोत. लेखाचे नाव, लेखक, वर्ष, अंक, पृष्ठे अशी एकेक नोंद हाताने करायची, असे हे कंटाळवाणे पण गोड काम. या नोंदींची प्रत काढून ठेवणारी एक छोटी शेल स्क्रिप्ट दुसऱ्या एका यंत्रावर रोज पहाटे तीन वाजता आपोआप चालते. दोन वर्षांपूर्वी मूळ यंत्राची हार्ड डिस्क निकामी झाली, तेव्हा आम्ही निश्चिंतपणे त्या प्रतींकडे वळलो. प्रती होत्या, तारखेनिशी, एकही दिवस न चुकता. मात्र शेवटच्या चार महिन्यांतली प्रत्येक प्रत नेमकी २० बाइटची होती. रिकामा मजकूर जीझिपमधून काढला की एवढेच उरते : वेष्टन आहे, आत काही नाही. डेटाबेसचा परवलीचा शब्द आम्हीच बदलला होता आणि तो स्क्रिप्टमध्ये बदलायचे राहून गेले होते.

चार महिने ती स्क्रिप्ट आमच्याशी अवाक्षर बोलली नाही, आणि आम्ही त्या मौनाचा अर्थ 'सर्व ठीक आहे' असा लावला. असा अर्थ लावण्याची सवय आम्हाला कोठून लागली, हे शोधू गेलो तेव्हा मागे एक लांबलचक परंपरा दिसली. मौनाचा अर्थ कसा लावावा, हा प्रश्न साहित्याच्या वाचकाला परका नाही. म्हणून ती येथे मांडतो.

'शेल' म्हणजे कवच. माणूस आणि संगणकाचा गाभा यांच्यामधला हा दुभाषा. हा शब्द रूढ केला तो लुई पूझँ या फ्रेंच अभियंत्याने. १९६३-६४ च्या सुमारास अमेरिकेतील एमआयटीमध्ये असताना त्याने 'रनकॉम' नावाचा एक प्रोग्राम लिहिला. रोज त्याच त्या आज्ञा टंकण्यापेक्षा त्या एका फाइलीत लिहून ठेवाव्यात आणि संगणकाने त्या ओळीने पाळाव्यात, ही त्यामागची कल्पना. आजची शेल स्क्रिप्ट ही तिचीच वंशज.

पुढे १९६९ मध्ये बेल लॅब्जमध्ये केन थॉम्पसन आणि डेनिस रिची यांनी युनिक्स घडवायला घेतले, आणि तेथे प्रोग्रामांच्या बोलण्याचालण्याचे एक वळण पडले : काम नीट झाले असेल तर काहीही बोलू नये. फाइल हलवा, पुसा, नक्कल करा. यशाची पावती मिळत नाही. याची कारणे अगदी व्यावहारिक होती. त्या काळचे टेलिटाइप सेकंदाला जेमतेम दहा अक्षरे कागदावर उमटवीत. वायफळ बोलणे महागात पडे. शिवाय १९७३ मध्ये डग मॅकिलरॉय यांच्या आग्रहामुळे 'पाइप' आले. एका प्रोग्रामचे बोलणे हेच दुसऱ्याचे अन्न झाले. त्या अन्नात 'झाले बरे का, साहेब' असला खडा पडून चालण्यासारखे नव्हते.

मग तक्रार तरी कोठे करायची? या प्रश्नाचे उत्तर छापखान्याच्या वाटेने आले, हे सूचीकारांना विशेष आवडावे. बेल लॅब्जमध्ये फोटोटाइपसेटरवर मजकूर जुळवताना चुकीचे संदेश पडद्यावर येण्याऐवजी मजकुराबरोबरच जुळवले जात आणि महागडा कागद वाया जाई. तसे अनेकदा झाल्यावर तक्रारींसाठी वेगळा प्रवाह काढण्यात आला. याखेरीज प्रत्येक प्रोग्राम संपताना एक आकडा मागे ठेवतो : शून्य म्हणजे यश, शून्याव्यतिरिक्त काहीही म्हणजे अपयश. यश एकाच तऱ्हेचे आणि अपयशे अनेक तऱ्हांची. टॉलस्टॉयच्या वाचकाला हे नवे वाटणार नाही.

हा सारा शिष्टाचार एका गोष्टीवर उभा होता. समोर माणूस बसलेला आहे, हे त्यात गृहीत होते. १९७९ च्या सातव्या आवृत्तीत बोर्न शेल आला आणि तिच्यातच 'क्रॉन'ही होता. क्रॉन दर मिनिटाला जागा होतो, वेळापत्रक पाहतो आणि ठरलेली कामे सुरू करून देतो. समोरचा माणूस उठून गेला, शिष्टाचार मात्र तोच राहिला. आमच्या मते या इतिहासातला खरा कलाटणीचा क्षण हा आहे, जरी तेव्हा तो कोणाला तसा जाणवल्याचे दिसत नाही. समोर बसलेल्याशी न बोलणे म्हणजे संयम. रिकाम्या खोलीत न बोलणे आणि मरून पडणे यांत फरक कसा करायचा?

उपाय निघाला तो टपालाचा. पॉल व्हिक्सी यांनी १९८७ मध्ये प्रसिद्ध केलेला क्रॉन पुढे बहुतेक ठिकाणी रूढ झाला. त्यात स्क्रिप्ट काही बोललीच, तर ते बोलणे मालकाला मेलने पाठवले जाते. योजना चांगली, पण माणसाचा स्वभाव तिच्या आड येतो. रोज येणारी पत्रे कोणी वाचत नाही. मग स्क्रिप्टचे सारे बोलणे 'डेव्ह-नल' नावाच्या तळ नसलेल्या विहिरीत सोडून देण्याची ओळ प्रत्येक जण प्रत्येकाची पाहून लिहू लागतो. आमच्या स्क्रिप्टमध्ये ती ओळ नव्हती, एवढे पुण्य पदरी होते. क्रॉनने रोज पत्र लिहिले होते. ती सव्वाशेच्या आसपास पत्रे त्याच यंत्रावरच्या एका स्थानिक पेटीत पडून होती. ही पेटी अस्तित्वात आहे, हेच आमच्यापैकी कोणाला ठाऊक नव्हते.

त्या शून्यानेही आम्हाला दगा दिला. पाइपने जोडलेल्या साखळीत शेल फक्त शेवटच्या कडीचा आकडा पाहतो. प्रत काढणारा प्रोग्राम दारातच अडला. जीझिपने मात्र मिळालेला रिकामा मजकूर चोखपणे बांधला आणि शून्य दिले. साखळीतली कोणतीही कडी तुटली तरी अपयश मानावे, अशी 'पाइपफेल' नावाची सोय कॉर्न शेलच्या १९९३ च्या आवृत्तीत आली, बॅशमध्ये २००४ साली, आणि पॉझिक्स या प्रमाणग्रंथात थेट २०२४ मध्ये.

अशा घटनेत लहानथोर असा भेद नसतो. ३१ जानेवारी २०१७ रोजी गिटलॅब या कंपनीतल्या एका अभियंत्याने रात्रीच्या धावपळीत भलत्याच सर्व्हरवरची डेटाबेसची निर्देशिका पुसली. सुमारे ३०० जीबीपैकी साडेचार जीबी उरले असताना त्याचा हात थांबला. मग प्रती शोधल्या, तर साठवणीची जागा रिकामी. डेटाबेस पोस्टग्रेसच्या ९.६ आवृत्तीचा आणि प्रत काढणारे साधन ९.२ चे, ते रोज नकार देऊन थांबत होते. नकाराची पत्रे क्रॉन पाठवीतही होता, पण त्यांवर डीमार्कची खूण नसल्यामुळे मेल सर्व्हर ती परत फिरवीत होता. कोणीतरी सहा तास आधी दुसऱ्याच कामासाठी हाताने काढलेली एक प्रत होती, तीवर सारे निभावले. मधल्या सहा तासांतले गेले ते गेलेच. कंपनीने हे सर्व स्वतःच सविस्तर लिहून जाहीर केले. अशा प्रांजळपणाची अपेक्षा आपल्याकडे कोणाकडून करावी, हा विषय निराळा.

निरोप्याकरवीच निरोप्याच्या मृत्यूची बातमी मिळावी, अशी ही अपेक्षा होती. तिच्यातून बाहेर पडायला आपल्याच परंपरेतला एक विचार उपयोगी पडतो. भाट्ट मीमांसक आणि अद्वैती 'अनुपलब्धि' हे स्वतंत्र प्रमाण मानतात : भुईवर घट दिसत नाही, म्हणून घट नाही. (प्राभाकरांना हे मान्य नाही, तो वाद जुना आहे.) मात्र ते एक अट घालतात. घट असता तर दिसला असता, अशी स्थिती हवी. अंधारात घट न दिसणे हे कशाचेच प्रमाण नव्हे. आमची पहाटेची शांतता अंधारातली होती. चूक झाली असती तर आम्हाला ऐकू आली असती, अशी व्यवस्थाच नव्हती. म्हणून काही ऐकू आले नाही, यावरून काहीही सिद्ध होत नव्हते.

पहारेकऱ्यांच्या बाबतीत हे फार पूर्वी ओळखले गेले होते. १८ व्या शतकात इंग्लंडमधील डर्बीचे घड्याळजी जॉन व्हाइटहर्स्ट यांच्या नावाशी जोडले जाणारे चुगलखोर घड्याळ प्रसिद्ध आहे. तबकडीच्या कडेने खुंट्या. ठरलेल्या वेळी रखवालदाराने त्या त्या वेळची खुंटी दाबायची. तो झोपला तर ती खुंटी उभीच राहते आणि सकाळी मालकाला दिसते. येथे अनुपस्थितीच खूण सोडते.

संगणकावर हा विचार हळूहळू रुजला. ईथन गालस्टॅड यांचा १९९९ चा नेटसेंट, जो २००२ मध्ये नागिऑस झाला, त्याने आकड्यांना चार अर्थ दिले : ठीक, सावध, गंभीर आणि चौथा 'अज्ञात'. त्या चौथ्याचा आम्हाला आदर वाटतो. ठरलेल्या मुदतीत वार्ता आली नाही तर ती शिळी समजावी, ही सोयही त्यात होती. २०१२ मध्ये साउंडक्लाउडमध्ये सुरू झालेल्या प्रोमिथिअसच्या पद्धतीत स्क्रिप्टने आपल्या शेवटच्या यशाची वेळ नोंदवायची आणि ती फार जुनी झाली की घंटा वाजायची. २०१५ पासूनचे हेल्थचेक्स तर खुंटीचेच घड्याळ आहे. स्क्रिप्टने काम संपताच एका पत्त्यावर खूण द्यायची. खूण आली नाही तर ते घड्याळ तुम्हाला उठवते. खूण मात्र शेवटच्या ओळीत, आणि काम तपासूनच द्यायची. आरंभी दिली तर रखवालदाराने संध्याकाळीच साऱ्या खुंट्या दाबून ठेवल्यासारखे होईल.

आमच्या स्क्रिप्टमध्ये आता पाच-सहा ओळी वाढल्या आहेत. पाइपफेल आहे, प्रतीचा आकार कालच्यापेक्षा कमी भरला तर ती खूण न देताच थांबते, आणि महिन्यातून एकदा आमच्यापैकी कोणीतरी ती प्रत दुसऱ्या यंत्रावर उघडून दहा नोंदी मुळाशी ताडून पाहतो. हे शेवटचे काम कोणत्याही घड्याळावर सोपवलेले नाही.

गेलेल्या नोंदी चारशेच्या घरात होत्या. बऱ्याचशा आमच्या वह्यांवरून पुन्हा भरल्या. साठ-सत्तर नोंदी थेट अंक पाहून संगणकावर केलेल्या होत्या. त्यांसाठी ग्रंथालयात पुन्हा गेलो, तेव्हा ते खंड बांधणीला गेले होते. त्यांतले दोन अजून परत आलेले नाहीत.