छाती उघडली, तरी श्वास चालू

मागच्या गणपतीत आरतीनंतर प्रसाद घेताना आमच्या टाउनशिपमधल्या एका काकांनी मला बाजूला घेतले. प्लांटमधून निवृत्त, तरुणपणापासून विडीची सवय, त्यात दमा. फुफ्फुसात छोटी गाठ निघाली होती आणि ती काढायची होती.

"डॉक्टर, तुम्ही भूल देणारे, म्हणून विचारतो. आता म्हणे घशात नळी न घालता छातीचे ऑपरेशन करतात. माझे तसे होईल का? नळी घातली आणि मशीनवरून सुटलोच नाही तर?"

त्या गर्दीत मला नीट उत्तर देता आले नाही. या प्रश्नामागे शंभर वर्षांचा इतिहास आहे. स्मरणिकेसाठी लेख मागितला गेला तेव्हा तोच सांगावा असे ठरवले.

बंद दरवाजा

१८४६ साली बोस्टनमध्ये ईथरची भूल जगाला कळली. १८८१ मध्ये व्हिएन्नात बिलरॉथ यांनी कर्करोग झालेला जठराचा भाग यशस्वीपणे काढला. पोट उघडता येऊ लागले, पण छातीला हात लावायला कोणी धजत नव्हते.

कारण साधे आहे. फुफ्फुस रबरी फुग्यासारखे सतत आकसू पाहते. बरगड्या आणि फुफ्फुस यांमधल्या पोकळीत दाब बाहेरच्यापेक्षा कमी असतो, म्हणून ते ताणलेले राहते. छातीला भोक पडून हवा आत शिरली की ते मिटते. मधला भाग, म्हणजे हृदय आणि मोठ्या रक्तवाहिन्या, प्रत्येक श्वासाबरोबर हेलकावे खाऊ लागतो आणि रुग्ण गुदमरतो.

यावर पहिला मोठा उपाय शोधला ब्रेस्लाऊ येथील तरुण सर्जन फर्डिनांड सॉअरब्रुख यांनी, प्रा. मिकुलिच यांच्या हाताखाली. त्यांनी एक हवाबंद खोलीच बनवली. रुग्णाचे धड आत, डोके बाहेर, मानेभोवती घट्ट पट्टा. सर्जनही आतच. खोलीतला दाब थोडा कमी केला की उघड्या छातीतले फुफ्फुस मिटत नसे आणि रुग्ण स्वतःच श्वास घेत राहत असे. सांगतात की मिकुलिच यांना दाखवलेल्या पहिल्या प्रयोगात पेटीतून हवा गळली आणि कुत्रा मेला. तरी १९०४ मध्ये बर्लिनच्या सर्जनांच्या अधिवेशनात सॉअरब्रुख यांनी आपली पद्धत मांडली. म्हणजे छातीच्या शस्त्रक्रियेची सुरुवातच नळीशिवाय झाली!

नळीचे राज्य

पण ती खोली अवजड आणि खर्चिक होती. १९०९ मध्ये न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेत मेल्टझर आणि ऑअर यांनी श्वासनलिकेत बारीक नळी घालून हवा व ईथर आत फुंकण्याचा मार्ग दाखवला. पुढच्याच वर्षी एल्सबर्ग यांनी तो माणसावर वापरला. पहिल्या महायुद्धानंतर इंग्लंडमध्ये चेहरा विद्रूप झालेल्या सैनिकांना भूल देताना मॅगिल आणि रोबॉथम यांनी रुंद रबरी नळी रुळवली. १९४२ मध्ये माँट्रियलला ग्रिफिथ आणि जॉन्सन यांनी स्नायू शिथिल करणारे क्युरारे भूलशास्त्रात आणले. त्यामुळे रुग्णाचा श्वास पूर्ण थांबवून तो भूलतज्ज्ञाच्या हाती घेता येऊ लागला. १९४९ मध्ये स्वीडनच्या कार्लेन्स यांनी दोन फुफ्फुसांसाठी दोन मार्ग असलेली नळी काढली. एक फुफ्फुस शांत ठेवायचे, दुसरे चालवायचे. नळीने लाखो प्राण वाचवले, माझीही सारी कारकीर्द तिच्याच भरवशावर झाली.

क्षयरोगाने शिकवलेले

याच काळात दुसरीकडे एक वेगळी गोष्ट चालू होती. मिरजेच्या वानलेसवाडीसारख्या सॅनिटोरियमची नावे जुन्या मंडळींना आठवत असतील. स्ट्रेप्टोमायसिन येण्यापूर्वी क्षयरोगावर इटलीच्या फोर्लानिनी यांचा उपाय जगभर चालत असे. छातीत मुद्दाम थोडी थोडी हवा भरायची, म्हणजे आजारी फुफ्फुस मिटून त्याला विश्रांती मिळते. हे सारे जाग्या माणसावर! स्टॉकहोमचे जॅकोबेयस यांनी तर १९१० मध्ये छातीत दुर्बीण घालून आत पाहिले, आणि पुढे फुफ्फुसाला चिकटलेले पापुद्रे केवळ जागा बधिर करून जाळून सोडवले.

म्हणजे एक फुफ्फुस मिटले तरी दुसऱ्यावर माणूस तग धरतो, हे वैद्यकाला माहीत होते. औषधे आली, सॅनिटोरियम ओस पडली आणि ही शिकवण मागे पडली.

पुन्हा मागे वळून

१९९० नंतर कॅमेरा घालून छोट्या छिद्रांतून छातीची शस्त्रक्रिया होऊ लागली. मग प्रश्न आला, छेद एवढा लहान, तर भूल एवढी जड कशाला? २००४ मध्ये रोमच्या पॉम्पेओ यांनी पाठीच्या कण्याजवळ एपिड्युरल देऊन, रुग्ण जागा असताना फुफ्फुसातल्या गाठी काढल्याचे प्रसिद्ध केले. २०११ मध्ये तैवानच्या चेन आणि सहकाऱ्यांनी नळीशिवाय फुफ्फुसाचा अख्खा खंड काढल्याचे मांडले. आपल्याकडे बंगळुरूच्या डॉ. मुरली चक्रवर्ती, डॉ. विवेक जवळी आणि त्यांच्या चमूने याच शतकाच्या सुरुवातीला एपिड्युरलवर, रुग्ण जागा ठेवून, हृदयाची बायपास केली.

यात रुग्ण कुशीवर झोपतो. बरगड्यांच्या नसा किंवा पाठ बधिर करतात, हलकी गुंगी देतात. खोकला येऊ नये म्हणून व्हेगस नसही बधिर करतात. रक्तात कार्बन डायऑक्साइड वाढतो, त्यावर लक्ष ठेवतात. घशाला इजा नाही, स्नायू शिथिल करणारे औषध नाही, बरे होणेही लवकर, हे फायदे. पण अडचण आली तर कुशीवर असलेल्या, छाती उघड्या रुग्णाला त्याच क्षणी नळी घालावी लागते. म्हणून लठ्ठ माणूस, घशातून नळी घालायला अवघड असलेला रुग्ण, किंवा फुफ्फुस छातीला घट्ट चिकटलेले असेल, तर ही पद्धत सहसा वापरत नाहीत.

काकांचे वजन बरेच, मान आखूड. मी त्यांना खरे तेच सांगितले, "काका, तुमच्यासाठी नळीच सुरक्षित." ते थोडे हिरमुसले. मग त्यांनी विडी सोडली, महिनाभर रोज श्वासाचे व्यायाम केले. ऑपरेशन नळी घालूनच झाले आणि त्याच संध्याकाळी ते मशीनवरून सुटले.

यंदाच्या आरतीला ते पुढच्या रांगेत आहेत, आवाजही खणखणीत आहे. नवी पद्धत उत्तमच आहे. पण माणसाला पद्धत बसते का, हे आधी पाहावे लागते. शंभर वर्षांच्या इतिहासातून मी एवढेच शिकलो.